पाठीवरचे दोन हजार

मित्रांनो, मी एलॉयच्या गाडीच्या डिकीत स्क्रूने आवळलेला एक जुना ॲम्प्लिफायर आहे. दहा वर्षं झाली, पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही. माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरांत 'दोन हजार वॅट' असं लिहिलं होतं आणि ते साफ खोटं होतं.

कारखान्यात एका टेबलावर माझ्या पोटात तीस-तीस अँपियरचे दोन फ्यूज बसवले. पुढच्याच टेबलावर तो सोनेरी आकडा छापला. मला कुणी विचारलंच नाही! आता तुम्हीच हिशोब करा. तीस आणि तीस साठ. गाडीचे व्होल्ट चौदा. गुणाकार आठशे चाळीस, त्यातली निम्मी वीज मी तापण्यातच घालवतो. उरले चारशेच्या आसपास. दोन हजार आणायचे कुठून?

न्यू मेक्सिकोतल्या एस्पान्योला गावच्या जुन्या बाजारात एलॉयने मला तो आकडा बघूनच उचललं. वडिलांच्या मागे राहिलेल्या लांबलचक गाडीत बसवलं. दर रविवारी चर्च सुटलं की त्याची आई सेनाइदा मागच्या सीटवर बसायची आणि आम्ही मुख्य रस्त्याने चालत्या माणसाच्या वेगाने निघायचो. लोक हात करायचे. मला धन्य वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग उन्हाळ्यात गाड्यांच्या आवाजाची स्पर्धा झाली. तिथे पंचबाई पाठीवरचा आकडा वाचत नाहीत, फ्यूज बघून गट ठरवतात. साठ अँपियर म्हणजे लहान गट. एलॉयच्या बहिणीचा नवरा नासारियो मोठ्या गटात होता. त्याने सगळ्यांदेखत टोमणा मारला, "काय मेहुणे, दोन हजारांची मिजास आणि उभे बालवाडीत?"

एलॉयला ते फार लागलं. मोठ्या गटात जायला पुढच्या स्पर्धेआधी त्याने माझे दोन्ही फ्यूज काढून साठ-साठचे बसवले आणि बॅटरीजवळ तारेवर असतो तो फ्यूजही मोठा टाकला. बॅटरीपासून माझ्यापर्यंतची तार मात्र तीच, बारीक. अहो, फ्यूज वितळतो तो तार वाचवायला! जगाचा आवाज मोठा करणारा मी, पण मला ओरडायला तेवढी एकच जीभ होती आणि तीच त्याने उपटली.

स्पर्धेच्या दिवशी आईला घेऊन निघालो. एलॉयने आवाज पूर्ण चढवला. तार तापू लागली. ती जात होती सेनाइदाबाईंच्या सीटखालून. माझा जीव नुसता तळमळत होता.

"एलॉय, जळकट वास येतोय रे," त्या म्हणाल्या.

"आई, ऑगस्ट चाललाय. कोपऱ्याकोपऱ्यावर मिरच्या भाजतायत."

"साठ वर्षं मिरच्या भाजतेय मी. ही मिरची नव्हे. थांबव गाडी."

त्याने गाडी थांबवून आईला उतरवलं, बॅटरीची तार हातानेच ओढून काढली. तळहात पोळला. सीट उचलली तर खालच्या गालिच्याला पोळीएवढं काळं भोक पडलेलं. एलॉय तिथेच रस्त्यावर बसला.

मागून नासारियोची गाडी आली. एलॉय मान वर न करता म्हणाला, "दाजी, चारशेचाच आहे माझा. हसा आता."

नासारियो हसला नाही. त्याने वाकून ते भोक बघितलं. मग आपल्या डिकीशी गेला आणि स्वतःच्याही बारीक तारेवर बसवलेले मोठे फ्यूज उपटून खिशात घातले. स्पर्धेला त्या दिवशी दोघेही गेले नाहीत.

एलॉयने माझ्या पाठीवरचा आकडा कानशीने घासून काढला. खिळ्याने 'चारशे' कोरलं, नवी तार टाकून आधीचे सगळे फ्यूज परत लावले. रविवारी आईला भीतभीतच विचारलं, "आवाज कमी नाही ना वाटत?"

"कमी कशाने? पहिल्यापासून एवढाच आहे की," सेनाइदाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, मिरच्या भाजायला लागल्या की मला अजून धडकी भरते. म्हणून हात जोडून सांगतो, फ्यूज उडाला तर त्याच्यावर रागावू नका, मोठा तर मुळीच बसवू नका. आधी मागच्या सीटवर कोण बसलंय ते बघा.