निळे आठ

आमच्या गावात फिगर स्केटिंगचा क्लब होता असं सांगितलं, की लोक माझ्या तोंडाचा वास घेतात. घ्या बापडे!

बर्फाचा कारखाना बुडाला, तेव्हा तिथल्या फोरमनने रिकाम्या गोदामात पाइप अंथरले, पाणी सोडलं आणि बायकोला म्हणाला, "चल, घसरायला शिकू." सुरुवातीला सभासद कमी आणि मोडलेली हाडं जास्त. पुढे न्हावी आला, गवंडी आला, टेलर लेकीला घेऊन आला. थंडी अशी, की आत दिलेली शिवी तिथेच गोठायची आणि बाहेर उन्हात आल्यावर ऐकू यायची.

निघताना प्रत्येकाने एका पायावर घसरत, स्केटच्या पात्याने बर्फात एक इंग्रजी आठ काढायचा. पुढच्या खेपेला येऊन ज्याचा त्यानेच तो खरवडायचा, असा नियम. फोरमन एकदा आठ काढून घरी गेला आणि जेवता जेवता आटोपला. त्याचा आठ खरवडणार कोण? बायकोने रेघेत कपड्यांची नीळ भरली आणि वर पाण्याचा पातळ थर गोठवला. मग रीतच पडली. जो गेला, त्याचा आठ निळीने भरायचा, वर पाणी सोडायचं. बर्फ चढत गेला, माणसं खाली जात राहिली. फोरमनची बायको सगळ्यांची मावशी झाली. नवख्यांना बजावायची, "हळू रे. खाली काका आहेत."

यंदा ऐन उन्हाळ्यात कॉम्प्रेसर बसला. मेकॅनिक म्हणाला, "पार्ट उद्या येतोय. तोवर दार उघडू नका, बर्फ तग धरेल."

मावशीने कडी घातली. पण टेलरची लेक दाराशी येऊन रडायला लागली. "बाबा अगदी वरच आहेत ना? एकदाच बघते." टेलर नुकताच गेलेला. मावशीला तिचं मन मोडवेना, तिने कडी काढली.

वरचा थर पाणी झाला होता आणि टेलरचा आठ लख्ख दिसत होता. "डावीकडचं पोट सुटलंय बघ मावशी, गुडघा दुखायचा त्यांचा!" बघता बघता नीळ पसरली आणि आठ गेला.

ही बातमी दडते होय? तासाभरात अर्धं गाव आत. एकेक थर विरघळे, एकेक माणूस वर येई आणि आपलं माणूस येईपर्यंत कोणी हलेना.

"बाहेर व्हा रे! तुमच्या श्वासांनीच वितळतोय तो!"

"मावशी, आमचा आजा यायचाय अजून," गवंडी म्हणाला.

"आणि माझं माणूस? ते तळाशी आहे. त्याला राहू दे की खाली!"

कोण ऐकतो? निदान आणखी लोक घुसू नयेत म्हणून ती दाराला पाठ लावून उभी राहिली. बाहेरून धक्के, आत गलका. एकाएकी गलका थांबला.

"मावशी," न्हावी हळूच म्हणाला, "काका आले."

तिने दार सोडलं. त्यासरशी बाहेरची झुंड आत आली आणि ती मागे रेटली गेली. वाट काढत पोचली, तेव्हा घोटाभर निळं पाणी आणि खाली सिमेंट.

"फार देखणा आठ होता हो," न्हावी म्हणाला. "कुठे तुटला नाही, थरथरला नाही."

"सुरू कुठून केला होता?" मावशीने विचारलं. "इकडून की तिकडून?"

निम्म्यांनी इकडे बोट दाखवलं, निम्म्यांनी तिकडे.