पेटीतला चौथा प्रश्न

दारावरची यादी मी छापलेली आहे. अभियांत्रिकी भौतिकी विद्यार्थी मंडळ, सदस्यांसाठी सेवा. सेवाप्रमुख: रेनाटा फ्रीसन, म्हणजे मी. खाली सात ओळी.

सेवा १. कॉफी. सकाळी आठपासून. कप आपापला आणावा.

जानेवारीतला दुसरा मंगळवार, बाहेर उणे चौतीस. मी गाळणीत कागद बसवत होते. एमेट होलोवाच आत आला तेव्हा त्याच्या पापण्यांवर बर्फ होतं. टोपी न काढताच त्यानं एक पत्र माझ्यासमोर ठेवलं.

"थोरली, हे वाच. आणि मला वेड लागलंय का ते सांग."

पत्र स्ट्रॅकन सरांचं होतं. दुसऱ्या वर्षाचा 'लाटा आणि कंपनं'चा पेपर, प्रश्न चौथा. एका टोकाला घोडीत, म्हणजे लोखंडी पकडीत, जखडलेली पोलादी पट्टी, दुसऱ्या टोकाला वजन. पट्टीची लांबी पेपरात नव्वद सेंटिमीटर दिलेली. एमेटनं साठ धरलेली. त्याच्या शेजारच्या बाकावरच्या नादीन ओकेकेनंही साठच. साठ हा आकडा अख्ख्या पेपरात कुठेच नाही. म्हणजे दोघांपैकी एकानं दुसऱ्याचं पाहून लिहिलं. कोणी, ते शुक्रवार दुपारपर्यंत कळवावं. न कळवल्यास प्रकरण दोघांच्या नावानं डीनच्या समितीकडे जाईल.

समितीकडे गेलेल्याची विभागातली जागा जाते. तिसऱ्या वर्षाला आमच्याकडे जागा पंचवीस. गेलेली जागा कुणाला परत मिळाल्याचं मी चार वर्षांत पाहिलेलं नाही.

"पाहिलंस का तू तिचं?"

"नादीनचं? ती डावरी आहे. लिहिताना कागदावर अशी पसरते की तिचं तिलाच दिसत नसेल. तिनं माझं पाहिलं असेल म्हणशील, तर तिला माझ्या दुप्पट येतं."

"मग साठ कुठून आलं?"

एमेट हसला. मग त्याचं हसू गेलं, आणि त्यानं खिडकीखालच्या करड्या पत्र्याच्या पेटीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

सेवा ४. जुन्या प्रश्नपत्रिका. फक्त सदस्यांसाठी. खोलीबाहेर नेऊ नयेत.

बाकीचे प्राध्यापक जुने पेपर स्वतःहून देतात. स्ट्रॅकन सर देत नाहीत; तेच प्रश्न ते दोन-तीन वर्षांनी पुन्हा घालतात. जिममध्ये बाकं मांडून परीक्षा होते, शेवटी पेपर मोजून परत घेतले जातात, आणि वर्गात त्यांनी बजावलेलं असतं, प्रश्न कुठल्याही रूपात बाहेर जाता कामा नये.

प्रश्न आमच्या डोक्यातून बाहेर येतात. परीक्षेआधी वाटणी होते: पहिला तुझा, दुसरा तुझा. ज्याचा जो प्रश्न त्यानं तो शब्दासकट, आकड्यासकट पाठ करायचा. बाहेर पडल्यावर कोणाशी बोलायचं नाही, ओळखीचा भेटला तरी मान हलवायची नाही. इमारतींना जोडणाऱ्या भुयारातून सरळ खोलीवर यायचं, सोफ्यावर बसायचं आणि आलेखाच्या हिरव्या कागदावर उतरवायचं. मग सोडवून पेटीत. तीस वर्षं असंच चाललंय. नाव कोणी घालत नाही.

दोन वर्षांपूर्वी चौथा माझ्याकडे होता.

एमेट गेल्यावर मी कागद काढला. माझं अक्षर. मी काढलेली घोडी, पट्टी, वजन. पट्टीखाली बाण, बाणावर ६०.

जिमपासून खोलीपर्यंत सातशे पावलं असतील. त्यात कुठे नव्वदचे साठ झाले, मला अजूनही सांगता येत नाही. कोणी हाक मारली नव्हती. मी कोणाकडे पाहिलं नव्हतं.

बाकीच्यांनीही हा कागद सोडवलेला होता. पण परीक्षेत त्यांनी समोरचा पेपर वाचून आकडा घेतला. या दोघांनी मात्र चौथा इतक्यांदा सोडवला होता की डोळ्यांच्या आधी हात चालला.

सेवा २. थोरले–धाकटे. पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाला वरच्या वर्षाचं एक माणूस मिळेल.

मला एमेट मिळाला. वायनयार्ड नावाच्या छोट्या गावचा. त्याचे वडील महामार्गावर बर्फ हटवायचा नांगर चालवतात. पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांदेखत मला "थोरली" अशी हाक मारली, आणि मी लाजले. मग ती हाक राहिलीच.

सप्टेंबरात नवे आले की त्यांना पेटीवर हात ठेवायला लावतात आणि थोरल्यानं सांगितलेलं वाक्य म्हणून घेतात: डोक्यात आणलेलं पेटीत, पेटीतलं पेटीतच. एमेट हसत होता. मी म्हणाले, हसू नकोस, नीट म्हण. त्यानं नीट म्हटलं.

सेवा ६. सभा. सर्वांना खुली. डोनट असतील.

बुधवार, दुपारी साडेबारा. तेरा जण. एमेट आणि नादीनला बोलावलं नव्हतं. अध्यक्ष ग्रेडी लावाले सोफ्याच्या हातावर बसलेला.

"हे बघा," ग्रेडी म्हणाला, "मला एमेट आवडतो. पोरगं चांगलं आहे, हॉकीत भिकार आहे, पण चांगलं आहे. पण आपण जाऊन सांगितलं की सर, तुमचा पेपर तीस वर्षं आमच्या सोफ्यावर येतोय, तर काय होईल? पेटी जाईल. खोली जाईल. पुढच्या वर्षी चाळीस पोरं त्या माणसासमोर रिकाम्या हातानं बसतील."

"दोघांची जागा जातेय, ग्रेडी," मी म्हणाले.

"समितीला पुरावा लागतो. आहे काय त्यांच्याकडे? एक आकडा. दोघांनी गप्प बसावं, सुटतील."

"आणि नाही सुटले तर?"

"रेने, तो कागद कोणाचा आहे?"

त्याला अक्षर माहीत होतं. पेटीला हात लावलेल्या सगळ्यांनाच माहीत होतं.

"मी दोष देत नाहीये," तो म्हणाला. "उद्या माझ्याकडूनही होईल. म्हणून तर नाव घालत नाही आपण."

हात वर करायला सांगितले. गप्प राहावं: दहा. सांगावं: दोन.

तेरावी मी. मी तेव्हा पाठमोरी होते, कॉफी ओतत होते. कोणी विचारलं नाही, मीही वळले नाही.

सेवा ५. अवजारं. सोल्डरिंग आयर्न, मीटर, नटबोल्टचे पाने. वहीत सही करून न्यावीत.

गुरुवारी सहा जण आले. सहा सह्या घेतल्या. स्ट्रॅकन सरांची खोली दोन मजले वर आहे. मी एकदा जिन्यापर्यंत जाऊन आले. ठरवलं, सोमवारी जायचं. शनिवार-रविवारात काय बोलायचं ते नीट लिहून काढायचं आणि सोमवारी जायचं. शुक्रवारची मुदत त्या दोघांना होती, मला नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

सेवा १, पुन्हा.

शुक्रवारी दुपारी एमेट आला. या वेळी त्यानं टोपी काढली. आईनं पाठवलेला डबा उघडला, त्यात बटाटा भरलेले पिरोगी होते, वर परतलेला कांदा. एक माझ्याकडे सरकवला.

"खा. गार झालेत, पण खा."

"एमेट, मी सोमवारी सरांकडे जाणार आहे. पेटी घेऊन."

"गरज नाही. मी सही करून आलो."

"कसली?"

"मी नादीनचं पाहून लिहिलं, अशी. सर मला डीनकडे घेऊन गेले, तिथे कागद होता, सही केली. दहा मिनिटं लागली. इतकं पटकन तर लायब्ररीचं पुस्तक परत घेत नाहीत."

"तू पाहिलं नाहीस!"

"थोरली, ऐक ना. मी सगळं मांडून पाहिलं. दोघं गप्प बसलो तर दोघं समितीपुढे. पेटी काढली तर दोघांकडेही फुटलेला प्रश्न होता, पुन्हा दोघं. शिवाय तुम्ही सगळे. नादीनची जागा गेली की तिचा इथे राहायचा परवानाही जातो, तिला थेट लागोसचं विमान. मी काय, बसनं अडीच तास." त्यानं कांदा बोटानं गोळा केला. "एक माणूस गेला तर बाकी सगळं जागेवर राहतं. दुसरं उत्तर निघतच नाही. तू काढून बघ."

"मला आधी विचारायचंस."

"तू सोमवारी जाणार होतीस," तो म्हणाला. रागानं नाही. "मला वाटलंच होतं, सोमवारी जाशील."

नादीनला काय सांगितलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, तिला सांगितलं की मी खरंच पाहिलं होतं. ती त्याच्या कानफटात मारून गेली होती. त्यानं गाल दाखवला. गाल लालच होता, पण बाहेरच्या थंडीनं सगळ्यांचेच असतात.

यादीत नसलेलं.

मी सोमवारपर्यंत थांबले नाही. त्याच दुपारी चार वाजता गेले. हिरवा कागद सरांच्या टेबलावर ठेवला.

स्ट्रॅकन सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ वाचला. आपलाच प्रश्न परक्या अक्षरात वाचत होते.

"अक्षर कोणाचं?"

"माझं, सर. चूकही माझी. त्यानं कोणाचं पाहिलं नाही. तिनंही नाही."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"मंगळवारपासून."

त्यांनी कागद खाली ठेवला. "आज दुपारी दोनपर्यंत ही गोष्ट माझ्या टेबलावर होती, फ्रीसन. मी तुम्हा सगळ्यांवर ओरडलो असतो. त्या दोघांना एका प्रश्नाचं शून्य दिलं असतं, नवा पेपर काढला असता, आणि संपलं असतं. आता ती डीनच्या टेबलावर आहे. हा कागद तिथे गेला तर तिथले लोक मला विचारणार नाहीत. फुटलेला पेपर, दोन विद्यार्थी. दोघंही."

"पण तो खोटं बोललाय."

"हो. मला सही करतानाच वाटलं होतं. पण कबुली देणाऱ्याला 'तू खोटं बोलतोयस' म्हणायला हातात काहीतरी लागतं." त्यांनी कागद बोटानं माझ्या बाजूला ढकलला, टेबलाच्या मध्यापर्यंत. "आता आहे. सांग. हा मी पाहिला, की पाहिला नाही?"

खिडकीबाहेर गाड्यांच्या रांगेत कोणीतरी इंजिन गरम ठेवायची वायर ओढून काढत होतं. वायर गारठून काठीसारखी ताठ झाली होती. तो माणूस ती गुंडाळायला बघत होता, ती गुंडाळली जात नव्हती.

मी कागद घेतला. घडी घातली. खिशात ठेवला.

"पुढच्या परीक्षेपासून मी सगळे प्रश्न बदलणार आहे," सर म्हणाले. "हे तुझ्या मंडळाला सांगितलंस तरी चालेल."

सेवा ३. लॉकर. सोडून जाणाऱ्यांनी आठवड्यात रिकामे करावेत, अन्यथा सेवाप्रमुख कुलूप कापतील.

एमेटनं रिकामा केला नाही. मी दोन आठवडे वाट पाहिली. मग कापलं.

आत एक हातमोजा, एकच. रिकामा डबा. हिरव्या कागदांची चळत. चौथा प्रश्न, अकरा वेळा सोडवलेला. पहिल्या कागदावर अक्षर सावकाश, शेवटच्यावर धावतं. प्रत्येकात साठ.

पहिल्या कागदाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: *पेटीतल्या चित्रात घोडी ३० सें.मी., तीन चौकोन. पट्टी नऊ चौकोन. मग ९०? थोरलीला विचारणे.*

त्याखाली, नंतर शाईनं: *विचारलं. ६०च.*

मला आठवलं. नोव्हेंबर होता. मी लॉकरच्या किल्ल्या वाटत होते, दारात रांग होती. तो म्हणाला, थोरली, चौथ्यातला आकडा एकदा बघतेस का? मी वळून न बघता म्हणाले, पेटीतलं बरोबरच असतं रे, तू हात बसव.

खोलीवर येऊन मी पेटीत परत ठेवलेला कागद दिव्याखाली धरला आणि पट्टीचे चौकोन बोटानं मोजले. नऊ. आकडा वाटेत हरवला होता, पण हातानं चित्र खरं काढलं होतं. सोफ्यावर बसून मी ते काढलं, त्याखाली साठ लिहिलं, आणि दोन वर्षं तो कागद तिथेच होता.

लॉकर क्रमांक एकतीस आता पहिल्या वर्षाच्या एका मुलीकडे आहे.

सेवा ४, पुन्हा.

एप्रिलमध्ये स्ट्रॅकन सरांचा चौथ्या वर्षाचा पेपर झाला. माझा शेवटचा. प्रश्न सगळे नवे होते. वाटणी झालेली होतीच, ग्रेडीनं केली होती. भुयारातून सगळे एकामागे एक, न बोलता आलो. नादीनच्या वर्गाची परीक्षा आदल्या दिवशी झाली होती. ती खोलीवर आली नव्हती. जानेवारीनंतर ती आलेलीच नव्हती.

सोफ्यावर दाटीवाटीनं बसलो. ग्रेडीनं हिरवे कागद वाटले. पेन्सिली चालू लागल्या.

"चौथा कोणाकडे आहे?" तो म्हणाला.

"माझ्याकडे."

"मग लिही ना, बाई. वितळेल डोक्यातून."

मला सगळं आठवत होतं. आरशांमधलं अंतर, काचेची जाडी, शेवटच्या वाक्यातला स्वल्पविरामसुद्धा. सातशे पावलांत एक आकडा हलला नव्हता. माझी तरी तशी खात्री होती, आणि दोन वर्षांपूर्वीही अशीच खात्री होती.

"नाही आठवत," मी म्हणाले.

कोणीतरी हसलं. ग्रेडी हसला नाही. त्यानं माझ्या मांडीवरचा कोरा कागद उचलला, त्याच्या कोपऱ्यात ४ लिहिलं आणि बाकीच्यांबरोबर पेटीत ठेवला.