एक पेटी चुकीच्या खांबावर

धाकटा साडू साहेबांसमोर आपटला, तर थोरल्याला कंट्रोल रूमचं प्रमुखपद मिळणार होतं. शिवाय बायकोच्या तोंडून तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक ऐकणंही थांबणार होतं. हा दुसरा फायदा त्याला जास्त मोलाचा वाटे.

दोघे एकाच कंपनीत. रस्त्यांवरच्या खांबांना मोबाइलला रेंज देणाऱ्या छोट्या पेट्या लावल्या होत्या, आणि त्या सगळ्यांवर एका जागेवरून नजर ठेवणारं सॉफ्टवेअर धाकटा बसवत होता. कोणती पेटी कुठे, याचा नकाशा मात्र थोरल्याने द्यायचा. त्याने बाजारातली एक पेटी मुद्दाम स्टेशनच्या खांबावर दाखवली आणि साहेबांसमोरच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी गंमत पाहायला पहिल्या रांगेत जाऊन बसला.

पडद्यावर नकाशा उघडताच ती पेटी लाल झाली.

"साहेब, नकाशा म्हणतो स्टेशन, पण पेटी स्वतः सांगतेय की मी बाजारात आहे," धाकटा म्हणाला.

पेटी आपला ठावठिकाणा स्वतःच कळवते, हे त्याने मागच्या बैठकीत समजावलं होतं. थोरला तेव्हा त्याच्या नव्या घड्याळाकडे बघून जळत बसला होता.

"वा! चूक नसती तर हे कळलंच नसतं!" साहेब खूश झाले.

"सगळी साडूभाऊंची कृपा," धाकटा म्हणाला, आणि तेही अगदी मनापासून.

"कृपा पुरे. तुमच्या नकाशाचा आता भरवसा नाही," साहेब थोरल्याला म्हणाले. "सगळे खांब पायी फिरून तपासा."

धाकट्याला पद मिळालं, बायकोला कौतुकाला नवा विषय मिळाला, आणि दोन्हींची किंमत थोरल्याच्या गुडघ्यांनी भर उन्हात चुकती केली.