उरलेले दोन घोट

"संपव गं एवढं, दोनच घोट राहिलेत!" आजोबा तीन महिन्यांच्या नातीच्या तळव्याला गुदगुल्या करत होते. चुळबुळत का होईना, तिने बाटली संपवली. पाचच मिनिटांत फाटलेलं दूध त्यांच्या खांद्यावर. सकाळपासूनची ही तिसरी उलटी.

चाळीस वर्षं वसतिगृहाच्या खानावळीत वाढपी म्हणून काढलेला हा माणूस. आपल्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठलं नाही, कुणी ताटात टाकलं नाही, याचा त्यांना भारी तोरा. आणि दवाखान्यातल्या सिस्टरने बजावलेलं: एका वेळी साठ मिलीच, दर दोन तासांनी, पाजल्यावर अर्धा तास उभं धरा. उभं धरायला आजोबा एका पायावर तयार होते. पण साठ? एवढं तर कपाच्या तळाशी राहतं! लेकीची पाठ वळली की ते हळूच नव्वदच्या रेघेपर्यंत भरत.

लेकीची रजा सोमवारी संपत होती. ती दोनदा टेबलाशी बसली, दोनदा उठली. टेबलावर कागद होता. आजोबांनी चष्मा लावला. राजीनामा!

"हे काय गं?"

"बाबा, पोरीच्या पोटात दूध टिकत नाही. वजन जागचं हलत नाही. निपल बदलून झालं, सगळं झालं. माझंच काहीतरी चुकतंय."

आजोबांनी चष्मा काढून ठेवला. खानावळीतल्या तुटपुंज्या पगारात त्यांनी या लेकीला शिकवलं होतं.

"तुझं नाही चुकत. मी नव्वद पाजतोय. आठवडा झाला."

"लपून?"

"मुठी चोखते गं. उपाशी वाटते."

"आणि तोंड फिरवते, ते दिसत नाही?" लेक कडाडली. दुपारच्या बाटल्या तिने स्वतःच पाजल्या. आजोबा खिडकी ते दार फेऱ्या मारत राहिले.

संध्याकाळी तिने साठ मिली मोजून बाटली त्यांच्या हातात दिली आणि दारातच उभी राहिली.

दहा मिली उरलं आणि नातीने तोंड फिरवलं. आजोबांचा हात सवयीने तळव्याकडे गेला, थांबला. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं. घड्याळाचा काटा अर्धा तास सरकला. खांदा कोरडाच राहिला.

लेकीने कागद उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. फाडला मात्र नाही.

आजोबा बेसिनपाशी गेले. बाटलीतले दोन घोट त्यांनी उगाच एकदा उजेडात धरून पाहिले, आणि ओतून दिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी अन्न टाकलं होतं.