गुडवेगची सोमवारची अर्धशिशी

गुडवेग दारूच्या थेंबालाही शिवलेली नव्हती. प्रार्थनाघरातल्या प्रभुभोजनातही त्यांच्याकडे द्राक्षाचा रसच असे. पण सोमवार उजाडला की तिचं अर्धं डोकं ठणकायला लागे, उजेड सोसवत नसे, आणि ती हेरिंग माशांच्या कारखान्यात फोन करून सांगे, "आज येत नाही, आजारी आहे."

त्या वर्षी कारखान्याने सगळ्यांची दारूची चौकशी आरंभली. शहरातून नर्स आली, तूरुन. प्रश्न दहा. गुडवेगने दहाही ठिकाणी 'कधीच नाही' म्हटलं, आणि तिथेच फसली.

"एकही थेंब नाही, आणि सोमवार मात्र नेमाने चुकतात," तूरुन हळुवारपणे म्हणाली. "लपवणारे असेच असतात गं."

"मी लपवत नाही."

"तेही ते म्हणतात."

व्यवस्थापक आयलर्टने नियम सांगितला. कबूल करणाऱ्याला उपचार, भरपगारी विश्रांती आणि नोकरीची हमी. नाकारणाऱ्याला ताकीद. गुडवेगला दोन मिळून चुकल्या होत्या; तिसरीला घरी बसायचं.

कबूल करणाऱ्यांना आधार द्यायला कारखान्याने राग्नवालला नेमलं होतं. तो शुक्रवारी प्यायला बसे तो रविवारी उठे, पण सोमवारी सगळ्यांआधी हजर असे.

"वेडी आहेस का?" तो म्हणाला. "लिही, शनिवारी दोन ग्लास. सगळे तेच लिहितात, पण सोमवार चुकवत नाहीत म्हणून उपचाराशिवाय सुटतात. तुझी नोकरी वाचेल आणि मलाही कुणीतरी आधार द्यायला मिळेल. बसून बसून कंटाळलोय."

"खोटं कसं लिहू?"

"अगं, दोनच ग्लासांचं!"

गुडवेगने रात्री गुडघे टेकले, पण देवाकडे नोकरी मागायचा तिला धीर झाला नाही. एवढंच म्हणाली, माझ्या तोंडून खोटं निघू देऊ नकोस. सकाळी तिने आयलर्टला सांगितलं, "येत्या सोमवारी डोकं दुखलं तरी येते. दारू तपासायच्या नळीत फुंकर मारायला लावा."

"एकट्या माणसाला तपासता येत नाही," आयलर्ट म्हणाला. "तपासायचं तर सगळ्यांना."

"मग सगळ्यांना तपासा."

तो रविवार आयलर्टच्या मुलीच्या दृढीकरणाचा, चर्चमधल्या दीक्षाविधीचा होता. सगळा गाव जेवायला. वाइन झाली, मग बिअर, मग आयलर्टच्या सासऱ्याने घरी गाळलेली. गुडवेगने सफरचंदाचा रस घेतला, चार स्तोत्रं म्हटली आणि लवकर घरी गेली.

सोमवारी ती एक डोळा मिटून, हातात बादली घेऊन आली. तूरुन दारात यंत्र घेऊन उभी होती. राग्नवालने फुंकर मारली, यंत्र किंचाळलं. मग पॅकिंगच्या बायका, मग गाडीवाला. यंत्र किंचाळतच राहिलं. प्रत्येक किंकाळी गुडवेगच्या डोक्यात खिळ्यासारखी शिरत होती. शेवटी आयलर्टने फुंकलं.

"मी तर घरचा यजमान," तो म्हणाला. "मला घ्यावीच लागते."

"सगळेच घरी जा," तूरुन म्हणाली. "आज तुमची आजारपणाची रजा."

मग गुडवेगने फुंकर मारली. यंत्र गप्प.

"कामाला योग्य!" आयलर्ट जाता जाता ओरडला. "चला, कुणीतरी आहे."

"मी आजारी आहे," गुडवेग म्हणाली.

"आत्ताच तर सिद्ध झालं की नाहीस!"

तो गेला. रिकाम्या कारखान्यात पट्टा सुरू होता आणि हेरिंग एकामागून एक येऊन जमिनीवर पडत होते. गुडवेगने बादलीत तोंड घातलं आणि ती ओकली. तूरुन जवळ आली. तिने वाकून बादलीचा वास घेतला, चांगला सावकाश.

"सफरचंद," ती म्हणाली.

"हो."

तूरुनने आपला पांढरा कोट काढून खोक्यांवर अंथरला, गुडवेगला त्यावर निजवलं आणि दिवे मालवले. मग कुणाचा तरी रबरी एप्रन बांधून ती पट्ट्यापाशी उभी राहिली. मासे तिच्या बुटांवर पडू लागले.

"गुडवेग, हे बंद कसं करायचं?"

"लाल बटण," गुडवेग डोळे न उघडता म्हणाली.