निजाईचा हुंकार

"आईला बाहेर काढा! आधी आईला बाहेर काढा!"

निद्रानंद महाराज ओरडले, आणि बायकांनी रुचिताला मागे ढकलत ढकलत निशाणाच्या काठीपलीकडे नेऊन उभं केलं. तिचा चार महिन्यांचा श्रावण महाराजांच्या हातात लालबुंद होऊन रडत होता.

चिखला गावाच्या रस्त्यावरून आत वळलं की टेकडीच्या पोटाशी हे पत्र्याचं देऊळ होतं. समोर जीपा, ऑटो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या. तुमसरचे लोक, लाखनीचे लोक, पार बालाघाटकडचेसुद्धा. प्रत्येक मांडीवर एक लेकरू आणि प्रत्येक लेकराच्या आईचे डोळे खोल गेलेले. रात्र रात्र न झोपलेल्या माणसाला कोणीही काहीही विकू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

महाराजांचं तोंड मात्र टवटवीत होतं. "सुनो माऊली! बालक जागत नाही, माय जागते! नऊ महिने पोटात अंधारात कोण झोपवत होतं? तुमी थापटत होता का? तुमी अंगाई म्हणत होता का? नाही! निजाई झोपवत होती! आता बालक बाहेर आला, अना तुमी निजाईच्या कामात तोंड घालून राहिल्या! हटो! बालकाले एकटं सोडा! ऐका, देवीचा हुंकार ऐका!"

सगळे कान देऊन उभे राहिले. आणि खरंच, देवळाच्या मागच्या भिंतीतून, शेंदूर लावलेल्या दगडामागून एक आवाज येत होता. हूंऽऽऽ. एकसारखा, खालच्या पट्टीतला, न थांबणारा. माझ्या पायाखालची फरशीसुद्धा जराशी थरथरत होती. अंगावर काटा आला, हे खोटं कशाला सांगू?

महाराजांनी श्रावणला दगडाजवळच्या झोळीत टाकलं आणि पडदा ओढला. श्रावण रडला, आणखी रडला, मग आवाज बसत बसत गेला. पडदा उघडला तेव्हा पोरगं मुठी उघड्या टाकून गाढ झोपलं होतं.

"निजाई मातेचा विजय असो!" गर्दी उसळली. नारळ फुटले. महाराजांनी निशाणापलीकडे बोट केलं. "पाहा! माय नव्हती, म्हणून झोपलं. हे बाई जागती आहे. हिच्या अंगात जागरण आहे. होळीपर्यंत हिची सावली बालकावर पडली, तं मले दोष नाही."

माझ्या शेजारी श्रावणची आजी, लीलाबाई, उभी होती. तिने हात जोडले. 

लीलाबाई माझी शेजारीण. आमची घरं एका भिंतीची. वीस-बावीस वर्षांपासून भजनात ती पुढच्या ओळीत आणि मी तिच्या मागे. बाई वाईट नाही. सून बाळंत झाली तेव्हा डिंकाचे लाडू तिनेच केले होते. पण श्रावण रात्री झोपत नव्हता, मुलगा धनंजय दिवसभर शेतात डुलक्या घेत होता, आणि घरात कोणाचा तरी दोष असल्याशिवाय लेकरू इतकं कसं रडेल, हा प्रश्न तिला खात होता. महाराजांनी उत्तर दिलं. तिला ते पटलं, कारण त्यात तिचा स्वतःचा दोष नव्हता.

त्या दिवसापासून रुचिता मागच्या कोठीत आणि श्रावण आजीजवळ, बाटलीवर.

मी भिंतीपलीकडून सगळं ऐकत होते. लेकरू रडलं की कोठीतून रुचिताची बांगडी वाजायची. ती उठून दारापर्यंत यायची आणि थांबायची. एकदा दुपारी मी मागच्या दाराने गेले तर तिचं पोलकं दुधाने ओलं. ती भिंतीकडे तोंड करून दूध वाटीत पिळत होती.

"मावशी, हे फेकू का ठेवू?" तिने विचारलं. "सासूबाई म्हणतेत, जागतीचं दूध बी जागतं."

 मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आले. आणखी काय करणार होते?

लीलाबाईला मी सांगून पाहिलं. "लीला, अगं पोरगं बाटलीनं हगून राहिलं. मांड्या पाहा कशा सुकल्या."

"रात्री तं झोपते नं थोडं!"

"थकून झोपते व."

"शकुंतला," ती म्हणाली, "तू कीर्तनातली बाई. तूच असं बोलशील, तं मंग देवाचं कोण करंल?"

तिचं बोलणं मला लागलं. कारण देव मी मानते. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाही. बुवा कीर्तनाला उभे राहिले, मृदंगावर पहिली थाप पडली, की माझ्या डोळ्यांना पाणी येतं. म्हणूनच तर त्या पत्र्याच्या देवळाची मला चीड आली होती. माझ्या देवाने आजवर कोणाच्या आईला ढकलून बाहेर उभं केलेलं मी ऐकलं नव्हतं. पण चीड म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा मला कीर्तनातच सापडला. दत्तजयंतीच्या सप्ताहाचं काल्याचं कीर्तन होतं. मांडवात टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मृदंग असा घुमत होता की खांबाला टेकलं तर पाठीत थाप लागावी. आणि माझ्यासमोर सतरंजीवर बायकांची तान्ही लेकरं ओळीने झोपली होती. त्या दणक्यात! मग बुवांनी हात वर केला, टाळ थांबले, बुवा मऊ आवाजात गोष्ट सांगू लागले. आणि एकेक करत लेकरं चुळबुळली. एक रडलं. दुसरं रडलं.

"काय व, आता शांत झालं तं उठून राहिले," एक बाई हसली.

मी हसले नाही. इतकी वर्षं हे पाहत होते, पण दिसलं आज. ही पोरं आवाजाने उठत नव्हती. आवाज थांबला म्हणून उठत होती.

दुसऱ्या दिवशी मी तृप्ती मेश्राम बाईंच्या घरी गेले. त्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांचे यजमान अश्विन चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत नोकरीला आहेत. मी देवीच्या हुंकाराचं सांगितलं, तशी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मावशी," अश्विन म्हणाले, "थो खाणीचा पंखा आहे."

"कोणता पंखा?"

"जमिनीखाली माणसं काम करतेत, त्यांच्यासाठी हवा ओढाचा मोठा पंखा. टेकडीच्या मागच्या अंगाले आहे. त्याच्या भिंतीले लागूनच त्या गोपीचंदनं देऊळ ठोकलं."

"गोपीचंद कोण?"

"तुमचे निद्रानंद! आधी मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. चाललं नाही, मंग देवी निघाली."

"अना लोकांले कळत नाही?"

"खाणीच्या कॉलनीतल्या लोकांले रोजचा आवाज, त्यांच्या कानाले थो येतच नाही. बाहेरच्यांले माहीत नाही. ज्याले कळलं त्याचं नारळाचं दुकान आहे तिथं."

मला एकदम आठवलं. "बाप्पा! खाणीले सुट्टी असते तेव्हा पंखा बंद राहते का?"

"हो, दुरुस्तीसाठी त्याच दिवशी बंद ठेवतेत. काहून?"

"खाणीच्या सुट्टीच्या दिवशीच देवीचं मौन असते. देऊळ बंद!"

तृप्तीबाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "देवीले साप्ताहिक सुट्टी! मावशी, हे सांगाच लीलाबाईंले."

सांगितलं. लीलाबाईने ऐकून घेतलं आणि तृप्तीबाईंच्या तोंडावर म्हणाली, "तुमी लोकं देव मानतच नाही. तुमाले सगळे पंखेच दिसन." तृप्तीबाईंचा चेहरा उतरला. पण त्या रागावल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "बोलून काही होत नाही. दाखवावं लागंल."

दाखवायची जागा गावातच होती. पुंडलिकरावांची धान भरडायची गिरणी. त्या दिवसांत धान घरात आलेलं, गिरणी दिवसभर चालायची. लीलाबाई पायलीभर धान घेऊन आली, कडेवर श्रावण, रडून रडून नाक वाहत असलेला. मी रुचिताला सोबत घेऊन आधीच पोत्यांच्या मागे बसले होते. तृप्तीबाईंनी पुंडलिकरावांना सगळं समजावून ठेवलं होतं.

पट्टा फिरला. गिरणी घुमू लागली. कोंड्याचा धुरळा उडतो म्हणून लीलाबाई पलीकडे पोत्यांजवळ येऊन टेकली. श्रावणचं रडणं जरा वेळ गिरणीवर मात करत राहिलं. मग त्याचे डोळे जड झाले. मान आजीच्या खांद्यावर पडली.

तेव्हा रुचिता उठून समोर आली. दारातून आलेल्या उन्हात तिची सावली थेट लेकरावर पडली.

"हट! हट तिकडं!" लीलाबाई किंचाळली. "सावली पडली! आता उठंल, आता उठंल!"

श्रावण उठला नाही. ओठ चोखल्यासारखे करत झोपून राहिला. भोवती धान घेऊन आलेले लोक जमले. तृप्तीबाईंनी हात वर केला. पुंडलिकरावांनी इंजिन बंद केलं, गिरणी घरघरत थांबली. शांतता पसरली आणि लेकराने डोळे उघडून भोकाड पसरलं. पुन्हा गिरणी सुरू, पुन्हा डोळे मिटले. पुन्हा बंद, पुन्हा भोकाड.

"अरे, पोट्टं आहे का बटन!" एक म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले.

तृप्तीबाई हसल्या नाहीत. "काकू, ऐका," त्या लीलाबाईजवळ बसून म्हणाल्या. "पोटात असताना लेकराले शांतता माहीतच नसते. आईच्या रक्ताचा, काळजाचा आवाज रात्रंदिवस कानात घुमत असते. बाहेर आलं की एकदम सुनं वाटते. म्हणून असा घुमणारा आवाज आला की निवते. महाराज ज्याले देवीचा हुंकार म्हणते, तसा आवाज या पोरानं आधी रुचिताच्या पोटात ऐकला आहे. आईले बाहेर काढून तुमी त्याले आईसारखाच आवाज ऐकवून राहिल्या!"

"मंग घरी एकटं काहून झोपत नाही?"

"झोपंल. मी तुमसरच्या लहान मुलांच्या डॉक्टरांले विचारलं. आता त्याचं पोट लहान, भूक लागते म्हणून उठते. थोडा मोठा झाला की हळूहळू आपलं आपण झोपाले शिकते. काही लेकरं लवकर शिकतेत, काहींले उशीर लागते. थे वयानं येते, चालाले येते तसं. ना मंत्रानं येते, ना आईले कोंडून. अना हे गिरणीही औषध नाही, एवढा आवाज त्याच्या कानाले बरा नाही. फक्त तुमाले दाखवाचं होतं."

लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकलो. मग लीलाबाईने वर पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर उजेड होता.

"म्हंजे निजाई इथंबी आली!" ती म्हणाली. "पुंडलिकरावच्या गिरणीत! अना इथं तिले मायची सावली चालते!" मागच्या दोन बायकांनी हात जोडले. एकीने पट्ट्याच्या चाकाला हळदीचं बोट लावलं सुद्धा.

"हो नं शकुंतला?" लीलाबाई माझ्याकडे वळली. "तू सांग. तू देवाची बाई, तुझं मी ऐकतो. देवी आली म्हण, अना हा घे, आत्ताच्या आत्ता पोरगं त्याच्या मायच्या मांडीवर देतो."

रुचिता माझ्याकडे पाहत होती. तिचे हात अर्धे पुढे आलेले. एक 'हो' म्हणायचं होतं. त्या एका खोट्या शब्दाने लेकरू आईकडे जाणार होतं. आणि उद्या ह्याच गिरणीसमोर दुसरी कोणती तरी आई निशाणापलीकडे उभी राहणार होती. मी तृप्तीबाईंकडे पाहिलं. त्या खाली पाहत होत्या. माझ्या वतीने बोलणारं तिथे कोणी नव्हतं.

"नाही लीला," मी म्हणाले. "देवी नाही. पट्टा आहे, लोखंड आहे, अना डिझेल आहे."

लीलाबाईचा चेहरा पुन्हा मिटला. तिने धान तिथेच टाकलं, पोराला उचललं आणि बाहेर निघाली. गिरणी बंदच होती, श्रावण तिच्या खांद्यावर पुन्हा रडू लागला.  मला वाटलं, मी सत्य बोलले आणि लेकरू घालवलं.

तेवढ्यात रुचिता धावली. काही बोलली नाही. सासूच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि पोराला तिच्या हातातून काढून घेतलं. गिरणीतून बाहेर आलेल्या लोकांनी पाहिलं, पण कोणी "सावली" म्हणालं नाही. आत्ताच तर त्या सावलीत झोपलेलं लेकरू सगळ्यांनी पाहिलं होतं. रुचिता गिरणीच्या पायरीवर बसली आणि पदराखाली त्याला घेतलं.

दूध थोडंच होतं. इतक्या दिवसांत आटलं होतं. श्रावण ओढायचा, चिडायचा, सोडून रडायचा, पुन्हा धरायचा.

"रडलं तं मले सांगू नको," लीलाबाई म्हणाली, आणि एकटी घरी गेली.

मंडळी, हे सगळं सुखाने संपलं असं मी लिहीत नाही. गोपीचंदाचं देऊळ अजून चालू आहे. आम्ही पोलिसांकडे गेलो तर त्यांनी विचारलं, "लेकरू झोपलं, तं तक्रार कशाची?" गिरणीच्या चाकाला कोणी तरी नारळ बांधून जातं, पुंडलिकराव रोज काढतात, रोज नवा असतो. रुचिताचं दूध पुरतं परत आलं नाही. श्रावण आता आईजवळच निजतो, पण अजून रात्री उठतो, भिंतीपलीकडून मला ऐकू येतं.

मी देवाची भक्त म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. लेकरू रडतं, कारण ते लहान आहे. ते त्याच्या वेळेने झोपायला शिकेल. त्याला कोणी महाराज नको, आणि त्याच्या आईच्या अंगात काही नाही, फक्त झोप नाही. शेजारी लेकरू रडत असलं तर कोणाची सावली पडली ते विचारू नका. जा, घटकाभर ते आपल्या मांडीवर घ्या, आणि त्या माउलीला म्हणा, जा बाई, तू झोप.