तिसऱ्या इंजेक्शनाचा दिवस

दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन रुपालीनं दोनदा घेतलं होतं आणि तिसरं आज घ्यायचं होतं. कंपनीतल्या बदलत्या शिफ्टमुळे गोळ्या हमखास राहून जायच्या, म्हणून नवऱ्याशी, दिग्विजयशी बोलूनच तिनं ते सुरू केलं होतं. पाळी थांबू शकते, बंद केल्यावर दिवस राहायला वर्षभरही लागू शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. वर्ध्याहून सासूबाई राहायला येतील, हे मात्र कुणाच्या डोक्यात नव्हतं.

दोन महिने सून बाजूला बसली नाही, हे मुक्ताबाईंनी बरोबर हेरलं. आज त्या मंडईतून पिशवीभर कैऱ्या घेऊन आल्या. निघायची वेळ झाली तरी रुपालीचा पाय दारातून निघेना.

"आई, मला दिवस गेलेले नाहीत. मी इंजेक्शन घेते."

मुक्ताबाई मटकन खाली बसल्या. "काहून सांगितलं नाही मग? मी तर बहिणीले फोन करून बसली."

"चुकलंच माझं."

"पुढं होईन ना पण?"

"होईल. वेळ लागेल."

कर्वेनगरच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत रुपाली तीनदा उठून बाहेर जाऊन आली. पुढच्या वर्षी तिला बत्तिसावं लागणार होतं.

"आज नको, डॉक्टर," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी सांगा, लगेच थांबवता येईल असं."

डॉक्टर तांबीबद्दल सांगू लागल्या. रुपाली मान हलवत होती, पण हे आपण स्वतः ठरवलं की सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघून, हे तिला काही केल्या उमगत नव्हतं.